हम आटोक्यात आला, आता प्रश्न आवाजाचा

ईएल८४ या व्हॉल्व्हवर (सिग्नल वाढवणारी जुनी काचेची निर्वात नळी) बांधलेला माझा गिटार ॲम्प आता रोज वाजतोय, आणि त्यातला हम, म्हणजे मेनमुळे येणारा सततचा गुरगुराट, आटोक्यात आलाय. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालेल्या एका व्हॉल्व्ह रेडिओची चासी (धातूचा सांगाडा), त्यातलेच दोन्ही ट्रान्सफॉर्मर, ईझेड८० रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा व्हॉल्व्ह) आणि स्पीकर चालवणारी ईएल८४ एवढं मूळचं आहे. पुढे गिटारचा सिग्नल वाढवायला एक नवी ईसीसी८३ घातली. सर्किट फेंडरच्या चॅम्प या छोट्या गिटार ॲम्पच्या ५एफ१ आवृत्तीचं, फक्त ६व्ही६ या पॉवर व्हॉल्व्हच्या जागी ईएल८४, आणि फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग मागे देणं) अजून जोडलेला नाही.

रेडिओतून गिटार ॲम्प काढणं हा जुगाड नव्हे. लिओ फेंडरने १९३८ साली फुलर्टनमध्ये टाकलेलं दुकान रेडिओदुरुस्तीचंच होतं, आणि चॅम्प म्हणजे रेडिओचा मागचा अर्धा भाग, त्याच्या पुढे गिटारसाठी आणखी एक ट्रायोड (तीन इलेक्ट्रोडचा साधा व्हॉल्व्ह). आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून हे व्हॉल्व्ह बनवले. माझ्या ईएल८४वर त्यांचाच शिक्का आहे, आणि इतक्या वर्षांनीही ती मस्त चालतेय.

रेडिओ विकत घेण्याआधी मात्र मागचं कव्हर काढून व्हॉल्व्हची नावं वाचाच. यूसीएच८१, यूसीएल८२, यूवाय८५ अशी यू-वाली नावं दिसली तर तो सेट तिथेच ठेवा. त्यांचे हीटर सिरीजमध्ये थेट मेनवर चालतात, बहुतेकांत मेन ट्रान्सफॉर्मर नसतो आणि चासी सरळ मेनला जोडलेली असते. त्यावर गिटारची जॅक बसवली की तारांमधून २३० व्होल्ट हातात. ट्रान्सफॉर्मरवाला, ई-वाला सेटच हवा.

जुन्यातलं जे डोळे झाकून बदललं ते म्हणजे कंडेन्सर. मेणकागदी कपलिंग कंडेन्सर (डीसी अडवून फक्त सिग्नल पुढे देणारा) लीक झाला की ईएल८४च्या ग्रिडवर, म्हणजे सिग्नल जिथे शिरतो तिथे, पॉझिटिव्ह व्होल्टेज येतं आणि व्हॉल्व्हची प्लेट लालबुंद होते. पिन २ वर, म्हणजे ग्रिडवर, मीटर लावा, शून्य दिसायला हवं. पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्डवर (ॲम्पच्या मेनच्या वाटेत बल्ब ठेवणारा बोर्ड) १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब लावला होता. तो क्षणभर उजळून मंद झाला म्हणजे शॉर्ट नाही. काम करताना फिल्टर कंडेन्सर (डीसी सपाट करणारे, बंद केल्यावरही चार्ज धरून ठेवणारे) रिकामे केल्याशिवाय आत हात घालायचा नाही, हे पुन्हा पुन्हा सांगून कंटाळा आला तरी सांगणार.

आमच्या इमारतीत मेन २४० च्या आसपास असतं. ट्रान्सफॉर्मर २२० व्होल्टच्या टॅपवर (जोडणीवर) ठेवला तर ६.३ व्होल्टचा हीटर ६.९ पर्यंत जातो, म्हणून २४५ चा टॅप. आता आकडे असे: पहिल्या कंडेन्सरवर २६६ व्होल्ट, त्यानंतर २५८, ईएल८४च्या प्लेटवर २४२ आणि १५० ओहमच्या कॅथोड रेझिस्टरवर ७.४. म्हणजे एकूण ४९ मिलिॲम्पिअर, त्यातले पाचेक स्क्रीनचे (व्हॉल्व्हच्या दुसऱ्या ग्रिडचे). प्लेटवर सव्वादहा वॅट खर्ची पडतात आणि मर्यादा १२ ची आहे. व्हॉल्व्ह आरामात आहे.

आता हम. आपल्या ५० हर्ट्झच्या मेनवर कान वापरून निदान करणं सोपं आहे. सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट, म्हणजे जी, ९८ हर्ट्झचा. हम त्याच्याशी जवळजवळ जुळत असेल, किंचित चढा, तर तो १०० हर्ट्झचा, म्हणजे फिल्टरिंगचा. त्याच्या एक सप्तक खाली असेल तर ५० हर्ट्झचा, म्हणजे हीटर नाही तर अर्थिंग. माझ्याकडे दोन्ही होते. ईसीसी८३ उपसली तरी जीचा हम राहिला, म्हणून फिल्टरकडे वळलो. पुशपुलमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हच्या जोडीत, असा रिपल (डीसीवर उरलेली लहर) बराचसा आपसात कटतो, पण एकटी ईएल८४ असली की ती सवलत नाही. पहिल्या कंडेन्सरनंतर १५० ओहम ५ वॅटचा रेझिस्टर आणि ४७ मायक्रोफॅरड लावल्यावर रिपल चौथ्या-पाचव्या हिश्शावर आला. किंमत ८ व्होल्ट, ती मंजूर. ५० हर्ट्झसाठी हीटरला १००-१०० ओहमचे दोन रेझिस्टर लावून त्यांचा मधला बिंदू चासीऐवजी ईएल८४च्या कॅथोडला जोडला. सगळा हीटर ७.४ व्होल्टने वर उचलला गेला आणि खालचा गुरगुराट जवळपास गेला.

स्पीकरचं गणित रेडिओवाल्यांना उपयोगी पडेल. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला २४ व्होल्ट एसी दिले, सेकंडरीवर ०.६४ मिळाले. गुणोत्तर ३७.५, त्याचा वर्ग सुमारे १४००. तेव्हा ४ ओहमचा स्पीकर व्हॉल्व्हला ५.६ किलोओहम दिसतो आणि ८ ओहमचा ११.२. ईएल८४ला २५० व्होल्टवर ५.२ च्या आसपास हवा असतो, म्हणून ४ ओहमचा आठ इंची गिटार स्पीकर घेतला. रेडिओचा मूळ स्पीकर गाण्यांना गोड होता, गिटारला चिरका. आठ इंचीत बास सैल पडत होता, तो पहिल्या ट्रायोडचा २५ मायक्रोफॅरडचा कॅथोड कंडेन्सर काढून ०.६८ लावल्यावर आवरला.

आणि आता खरी अडचण. चार वॅट ऐकायला किरकोळ वाटतात, पण एका वॅटला ९५ डेसिबल देणाऱ्या स्पीकरवर मीटरभर अंतरावर ते १०१ डेसिबल होतात. फ्लॅटमध्ये, रात्री नऊनंतर, वरच्या मजल्यावर काकू! कानाला आवाज निम्मा वाटायला १० डेसिबल कमी करावे लागतात, म्हणजे वॅट एक दशांश. ईएल८४ची स्क्रीन प्लेटला जोडून ती ट्रायोडसारखी चालवून पाहिली. दोनेक वॅट उरतात, फरक फक्त ३ डेसिबलचा, वर धारही बोथट.

मग एल-पॅड (स्पीकरची पॉवर खाणारी रेझिस्टरची जोडणी) लावला: ३ ओहम सिरीजमध्ये आणि २.७ चे दोन समांतर. स्पीकरला पाव वॅट पोचतो, ट्रान्सफॉर्मरला लोड ४ ओहमच दिसतो. क्रंच (ओव्हरड्राइव्हचा खरखरीतपणा) राहिला, पण आवाज सपाट झाला. फीडबॅक नसलेल्या पेंटोडचा (ईएल८४सारख्या पाच इलेक्ट्रोडच्या व्हॉल्व्हचा) आउटपुट इम्पीडन्स मोठा असतो, म्हणून स्पीकरचा रेझोनन्स आणि वरच्या सुरांतला चढ ऐकू येतो. पॅडमुळे स्पीकरला समोर जेमतेम एक ओहम दिसतो आणि तो सगळा स्वभाव दबतो. बाजारातले स्वस्त अटेन्युएटर कंटाळवाणे का वाटतात, ते आता पटलं.

माझा कल पॅड काढून कमी सेन्सिटिव्हिटीच्या (तेवढ्याच वॅटला कमी वाजणाऱ्या) स्पीकरकडे आहे. ८८ डेसिबलचा मिळाला तर ७ डेसिबल फुकटात जातात आणि व्हॉल्व्ह-स्पीकरचं नातं तसंच राहतं. उरलेल्यासाठी मॉसफेट ट्रान्झिस्टरने बी-प्लस (व्हॉल्व्हचं मुख्य डीसी व्होल्टेज) खाली आणायचा विचार चालू आहे, पण हीटसिंकला चासीत जागा नाही. कुणी ४ ओहमचा, आठ इंची, कमी सेन्सिटिव्हिटीचा आणि गिटारला बरा वाटणारा स्पीकर वापरला असेल तर मॉडेल कळवा. पुढच्या रविवारी बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चक्कर आहेच.