कृष्णेच्या उगमाकडे तोंड करून

वाईला पळायला जाणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट सांगते: नदीच्या प्रवाहाविरुद्ध पळा. गणपती घाटावरून पश्चिमेकडे निघालं की उगवता सूर्य पाठीवर येतो. समोरच्या डोंगरांचे माथे आधी उजळतात, मग ऊन उतारांवरून खाली येत राहतं आणि कृष्णेचं खोरं दर दोन-चार किलोमीटरला आणखी आवळत जातं. गाडीतून हे कळत नाही. चालत गेलं तर सकाळ सरून जाते आणि खोऱ्याचा एखादाच तुकडा बघून होतो. पळताना मात्र एका सकाळीत पिकं बदलतात, हवा बदलते, रस्त्यावर भेटणारी माणसंही बदलतात.

पुण्याहून येताना खंबाटकी घाट ओलांडून सुरूर फाट्याला महामार्ग सोडायचा. आदल्या संध्याकाळीच वाईत मुक्कामाला यावं. इथली खरी धाव उजाडण्याआधी सुरू होते.

सुरुवात ढोल्या गणपतीपाशी. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये हे देऊळ बांधलं. लोक समोरून दर्शन घेतात आणि निघतात, पण पळणाऱ्याने देवळाच्या मागे जाऊन यावं. मागची भिंत माशासारखी निमुळती बांधली आहे. कृष्णेला पूर आला की पाण्याचा लोंढा त्या टोकावर दुभंगतो आणि दोन्ही बाजूंनी निघून जातो. या भिंतीचं तोंड ज्या दिशेला आहे, त्याच दिशेला आपल्याला जायचं आहे.

वाई ते मेणवली हा जेमतेम तीन किलोमीटरचा टप्पा अंग मोकळं करण्यासाठीच आहे असं समजावं. रस्ता जवळपास सपाट, दोन्ही बाजूंना ऊस आणि मधूनमधून हळद. पावसाळा संपता संपता हळदीची रुंद पानं रस्त्यापर्यंत पसरलेली असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये याल तर शेतात हळद शिजवण्याचं काम चाललेलं दिसेल. शिजलेले कंद उन्हात पसरलेले असतात आणि त्या ओल्या, मातकट वासातून पळत जाताना श्वास आपोआप खोल घेतला जातो. मला हा रस्ता त्या दिवसांत सगळ्यात जास्त आवडतो. रंगपंचमीच्या सुमाराला जवळच्या बावधन गावचं बगाड, म्हणजे नवसाच्या लाकडी गाड्याची जत्रा, असते. त्या दिवशी मात्र पळणं वगैरे विसरून लोकांबरोबर बगाडालाच जावं.

मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा आहे, त्याच्या मागे अर्धचंद्राकार घाट. इथे घड्याळ थांबवावं. मेणेश्वराच्या देवळाजवळ छोट्या मंडपात एक मोठी घंटा टांगली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तिथली ही घंटा. समुद्रकाठच्या चर्चची घंटा सह्याद्रीतल्या नदीकाठी शंकराच्या शेजारी इतकी वर्षं आहे, आणि गावाला त्यात काही वेगळं वाटत नाही. सकाळी घाटावर धुणं धुणाऱ्या बायका असतात. एकदा एका आजींनी माझ्याकडे बघून विचारलं, "एवढं पळून दमत न्हाईस का गं? बस की जरा." मी बसले. त्यांनी कृष्णेच्या पुराचं सांगायला सुरुवात केली. घाटाच्या कुठल्या पायरीला पाणी लागलं म्हणजे घरातली चीजवस्तू हलवायची, हे त्यांना बोटावर सांगता येत होतं.

पुढे भोगाव. इथे वामन पंडितांची समाधी आहे. भोगाव सोडलं की वर्दळ खूपच कमी होते आणि रस्ता पळणाऱ्यांच्या ताब्यात येतो. हे पळणारे म्हणजे माझ्यासारखे शहरातून आलेले हौशी नव्हेत, तर भरतीची तयारी करणारी आसपासच्या गावांतली मुलंमुली. सातारा जिल्ह्यात सैन्यात किंवा पोलिसांत जाणं ही घराघरातली गोष्ट आहे. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर आणि दोघांनाही १०० मीटर धावावं लागतं, शिवाय गोळाफेक. रस्त्याच्या कडेला चुन्याने अंतराच्या खुणा केलेल्या असतात, त्या याच मुलांच्या. कितीतरी जणांच्या पायात साधे कॅनव्हासचे बूट असतात.

त्यांतल्या तीन मुलींबरोबर मी थोडं अंतर पळाले. "ताई, तुम्ही कशाची तयारी करताय?" एकीने विचारलं. कशाचीच नाही, मला आवडतं म्हणून पळते, असं म्हटल्यावर तिघी एकमेकींकडे बघून हसल्या. मग एक म्हणाली, "आम्हाला बी आवडतं की. पण घरी तसं सांगता येत न्हाई. भरती म्हटलं की सोडतात." ललिता बाबर याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत धावली. तिचं नाव या मुलींना पाठ आहे. मला मनापासून वाटतं की या रस्त्यावर महागडी घड्याळं लावून येणाऱ्या आपल्यासारख्यांनी या मुलींशी थांबून बोलावं. जुने पण चांगले बूट घरात पडून असतील तर मापं विचारून पुढच्या वेळी घेऊन यावेत.

वाईपासून साधारण आठ किलोमीटरवर धोम. इथल्या नरसिंहाच्या देवळाच्या आवारात कमळाच्या आकाराचं दगडी कुंड आहे आणि त्यात कासवाच्या पाठीवर नंदीचा मंडप. कुंडात पाणी भरलं की कासव नंदीला घेऊन तरंगत असल्याचा भास होतो. गावामागे धोम धरणाची भिंत उभी आहे. तिच्या बाजूने वर जाणारा चढ छोटा असला तरी पोटऱ्यांना जाणवतो. वर पोचलं की समोर पाणीच पाणी. पाण्याच्या दोन शाखा होतात: डावीकडे कृष्णा, उजवीकडे वाळकी. मधल्या डोंगरावर कमळगड. उजव्या हाताला दूर केंजळगड आणि रायरेश्वर, डाव्या हाताला पाचगणीच्या पठाराची सरळ कड. इकडचे माथे असे सुरीने कापल्यासारखे सपाट का, तर इथला सह्याद्री लाव्हाच्या आडव्या थरांचा आहे, आणि पाचगणीसारख्या पठारांवर वर जांभ्या खडकाची टोपी आहे. पहिल्यांदा येणाऱ्याने इथून परतावं. जाऊन-येऊन सोळा-सतरा किलोमीटर होतात आणि एका सकाळीसाठी तेवढे भरपूर आहेत.

ज्यांचा दम दांडगा आहे त्यांनी दुसऱ्या दिवशी गाडीने बलकवडीच्या बाजूला जाऊन तिथून जोर गावाच्या दिशेने पळावं. ऊस मागे पडलेला असतो, भाताची खाचरं सुरू होतात आणि दोन्हीकडचे डोंगर अंगावर येतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, वाईत हजाराच्याही आत. एवढा मोठा फरक या छोट्याशा खोऱ्यात मावलेला आहे, म्हणून इथे दर वळणावर हिरवा रंग गडद होत जातो. रस्ता वर-खाली होत राहतो, दुकानं नाहीत. पाणी बरोबर घ्यावं, आणि वस्तीजवळ कुत्री दिसली की पळणं थांबवून चालावं.

पसरणी घाटाबद्दल लोक फार विचारतात. वाई ते पाचगणी बारा-तेरा किलोमीटर, साडेपाचशे मीटरहून जास्त चढ. पायथ्याचं पसरणी हे शाहीर साबळे यांचं गाव. घाट सुंदर आहे यात वाद नाही, पण वाहनांची गर्दी वाढली आहे. म्हणून शनिवार-रविवारी इथे पळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आठवड्याच्या मधल्या वारी, अगदी पहाटे, येणारी वाहनं समोरून दिसतील अशा उजव्या कडेने, चमकणारी पट्टी लावून निघावं. पावलं आखूड टाकावीत आणि सगळा चढ एकाच लयीत घ्यावा. सुरुवातीच्या वळणांवर जोर लावणाऱ्यांची शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये दमछाक होते. आदल्या दिवशी आपण खोऱ्यातून पळालेलो असलो तर या घाटाची गोडी दुप्पट होते. पाचगणीजवळच्या हॅरिसन्स फॉली या कड्यावरून धोमचं पाणी, मेणवलीची झाडी, वाईची घरं असा सगळा पल्ला एका नजरेत दिसतो. तिथून पुढे पाचगणीच्या टेबललँडवर, घोडेवाले यायच्या आत, धुक्यात एक फेरी मारावी. जांभा खडबडीत आहे, घोटे सांभाळावेत. उतरताना गुडघ्यांचे हाल करू नयेत, एसटीने खाली यावं.

ऐन पावसाळ्यात घाटात दरडी येतात, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये फक्त मेणवली-धोमचा रस्ता. सप्टेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत सगळेच रस्ते चांगले.

जोरच्या पुढे गाडीरस्ता थांबतो आणि पायवाट क्षेत्र महाबळेश्वराकडे चढते. तिथल्या पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्यांचा उगम मानला जातो. ही वाट पळण्याची नाही. दाट रानातून अंगावर येणारा चढ आहे, फाटे फुटतात, म्हणून जोरमधून गावचा माणूस बरोबर घ्यावा आणि त्याला योग्य मोबदला द्यावा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी लवकर निघावं, दुपारी महाबळेश्वर गाठावं आणि संध्याकाळच्या एसटीने वाईला परतावं.