शान्थांगचा रस्ता टोकापर्यंत चालताना

शांघायला कामासाठी जाणाऱ्या प्रत्येकाला मी आग्रहाने सांगते, एक सुट्टीचा दिवस जवळच्या सुझोऊ शहरासाठी राखून ठेवा. आणि तिथल्या शान्थांग रस्त्यावर गेलात, तर अर्ध्यातून परत फिरू नका.

आधी जायचं कसं ते. रेल्वेचं तिकीट पासपोर्टवरच्या नावाने आणि नंबरने निघतं. कागदी तिकीट लागत नाही, पासपोर्ट दाखवला की झालं. स्थानिक लोक ओळखपत्र टेकवून फाटकातून भराभर निघून जातात. आपण मात्र कर्मचारी बसलेल्या फाटकाकडे जायचं. सामानाची तपासणीही होते, म्हणून थोडं लवकर पोचलेलं बरं. तिकीट काढताना ‘सुझोऊ’ हेच स्थानक निवडा, कारण ‘सुझोऊ उत्तर’ जुन्या शहरापासून बरंच लांब पडतं. वेगवान गाडीने साधारण अर्ध्या तासाचा प्रवास, आणि स्थानकावरून मेट्रोच्या 2 नंबरच्या मार्गावर पुढचंच स्टेशन शान्थांगचं. अलीपे या पैसे देण्याच्या चिनी ॲपला कार्ड मी घरूनच जोडून घेतलं होतं. तिथे खाऊच्या गाडीवरसुद्धा क्यूआर कोड लावलेला असतो, त्यामुळे हे काम निघण्यापूर्वीच उरकावं.

हा रस्ता मला बघायचा होता तो त्याच्या जन्मकथेमुळे. थांग राजवटीच्या काळातला मोठा कवी बाय जूयी 825 साली सुझोऊचा प्रशासक म्हणून आला. शहराच्या छांगमन वेशीपासून हूछ्यू टेकडीपर्यंत त्याने कालवा खोदून घेतला आणि खणून निघालेल्या मातीचा शेजारीच बांध घातला. तो बांध म्हणजेच हा रस्ता. लांबी सात ली, म्हणजे साधारण साडेतीन किलोमीटर. पाणी आणि वाट दोन्ही एकाच खोदकामातून झाली, म्हणून ती सबंध अंतर एकमेकींना सोडत नाहीत. एखाद्या कवीने गावासाठी इतकं टिकाऊ काम करून ठेवावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. 2014 साली चीनच्या प्राचीन महाकालव्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात शान्थांगही आहे.

वेशीकडचा भाग गर्दीचा. लाल कंदील, रेशमाची दुकानं, होड्यांसाठी रांगा. तिथे मी थांबले ती फक्त मेइहुआ गाओ हा गोड केक खायला. मेइहुआ म्हणजे तिकडचं आलुबुखाराचं फूल. आपल्या आप्पेपात्रासारखा, पण खोल आणि फुलाच्या आकाराच्या खळग्यांचा जड साचा असतो. त्यात पातळ पीठ, वर लाल घेवड्याचं गोड पुरण, पुन्हा पीठ. तळाशी खरपूस, आत पुरण इतकं गरम की पहिला घास जपूनच घ्यावा. शाकाहारी असाल तर मात्र साच्याला कुठली चरबी लावतात ते विचारून घ्या. मी मोबाइलवर चिनीत लिहिलेला प्रश्न पुढे धरत होते.

दुकानं संपली की गर्दीही एकदम ओसरते. पुढे पांढऱ्या भिंतींची, काळ्या कौलांची राहती घरं लागतात. मागच्या दारातून दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. बांबूवर कपडे वाळत घातलेले, दारात भाजी निवडत बसलेल्या आज्या. मला हाच खरा शान्थांग वाटला.

टेकडीच्या अलीकडे पाच जणांची समाधी आहे. 1626 साली दरबारातला सत्ताधीश खोजा वेई चोंगश्येन याच्या हुकमाने एका सचोटीच्या अधिकाऱ्याला अटक झाली, तेव्हा सुझोऊचे लोक रस्त्यावर उतरले. त्या उठावासाठी पाच साध्या नागरिकांना मृत्युदंड दिला गेला. वेईची सत्ता पुढच्याच वर्षी कोसळली, आणि त्याच्या गौरवासाठी बांधलेल्या देवळाच्या जागी गावाने या पाच जणांना पुरलं. कंदिलांपाशी फोटो काढून परतणारे इथवर येतच नाहीत, याची मला मनापासून हळहळ वाटली.

शेवटी हूछ्यू. तिथे वेगळं तिकीट लागतं. माथ्यावरचा विटांचा मनोरा 961 सालचा, सुमारे 47 मीटर उंच आणि उघड्या डोळ्यांना दिसेल इतका कललेला. परतीला मी बस धरली. पाय दुखत असतील तर तुम्हीही तेच करा, पण जाताना चालतच जा.