दक्षिणेकडे तोंड

एरवी निरांजनाची वात चुकून दक्षिणेकडे वळली, तर आमची आई हातातलं काम टाकून धावत येते. दक्षिण यमाची. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी मात्र तीच आई हळद घातलेल्या कणकेचा दिवा करते आणि उंबऱ्याबाहेर मुद्दाम दक्षिणेला तोंड करून ठेवते. 'त्रयोदश्यां दीपदानात् सूर्यजः प्रीयतां मम.' म्हणजे, सूर्यपुत्रा, खूश हो आणि आमच्या घराकडे अवेळी फिरकू नको. ज्याचं नाव वर्षभर तोंडातून काढायचं नाही, त्याला ही वार्षिक लाच. (हे माझं मत, आईचं नव्हे.)

२०२१ साली धनत्रयोदशी २ नोव्हेंबरला आली. मडगावातले आमचे शेजारी कॅथलिक. त्यांचा तो मृतात्म्यांचा दिवस. सिमितेरीत थडगी धुवायची, फुलं घालायची, मेणबत्त्या लावायच्या. शेजारचे अंकल त्याच वर्षी, करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेलेले. संध्याकाळी आंटी उरलेली मेणबत्ती त्यांच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, लावत होत्या, पण वाऱ्यापुढे टिकेना. शेवटी आईनंच ती आमच्या भिंतीच्या आडोशाला, कणकेच्या दिव्याशेजारी ठेवायला लावली. मग तिला प्रश्न पडला, हिचं तोंड कुठे करायचं? मेणबत्तीला तोंडच नसतं, हे तेव्हा आमच्या ध्यानात आलं. एक दिवा मरण लांब ठेवायला, दुसरा मरून गेलेल्यासाठी. आणि काडी एकच.

आंटींच्या मते अंकलचा आत्मा शुद्ध होतोय, प्रार्थनेनं त्याला मदत होते, शेवटच्या दिवशी सगळे उठणार. आईच्या मते आत्मा केव्हाच दुसऱ्या देहात गेला. तरी दर वर्षी आजोबांच्या म्हाळाला वडे, खीर असतेच. मग आजोबा नक्की आहेत कुठे, असं मी विचारलं, तर म्हणाली, "तू आधी पान वाढ."

कठोपनिषदातल्या नचिकेत्यानं हेच थेट यमाला विचारलं. मेल्यावर माणूस उरतो म्हणे, नाही उरत म्हणे, खरं काय? यम चक्क टाळाटाळ करतो. हत्ती घे, घोडे घे, सोनं घे, पण हे विचारू नको. देवांनाही यात संशय होता. पोरगं हटलं नाही. मी असते तर हत्तीवर तडजोड केली असती.

आंटींना असले प्रश्न पडत नाहीत. अंकल हयातीत रविवारच्या मिसाला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, कायम उशिरा जायचे. आता दर महिन्याला त्यांच्या नावानं मीस असते. "आता तरी वेळेवर पोचत असतील," आंटी म्हणतात.