वेबमेलचं घोडं एकदाचं गंगेत न्हालं

घरच्यांसाठी उभारलेल्या मेल सर्व्हरवर पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारा) आणि डव्हकॉट (मेलपेट्या सांभाळणारा) गेले तीन महिने मुकाट चालतायत. एसपीएफ, डीकेआयएम, उलटा डीएनएस, म्हणजे आमची मेल खरी असल्याचे पुरावे, सगळं जागच्या जागी. मी स्वतः थंडरबर्ड या मेल ॲपवाला, म्हणून वेबमेलचा, म्हणजे ब्राउझरातून मेल वापरण्याचा, विषय पुढे ढकलत होतो. पण आईला नवं ॲप नकोय, "ब्राउझरात उघडलं पाहिजे" एवढाच तिचा हट्ट. आणि वहिनीला ऑफिसच्या मशिनवर काही इन्स्टॉल करता येत नाही.

वेबमेलच्या पर्यायांपैकी सोगो लगेच बाद झालं. कॅलेंडर, ॲक्टिव्हसिंक (फोनशी मेल-कॅलेंडर जुळवणं) हे सगळं आम्हा चौघांना कशाला? ज्या मेलकाऊ या तयार मेल-सर्व्हर संचासोबत ते आयतं मिळतं, त्यालाच सहा जीबी रॅम लागते आणि माझा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) दोन जीबीचा. स्क्विरलमेल या जुनाट वेबमेलबद्दल प्रेम आहे, पण प्रेमावर सर्व्हर चालत नाही. उरले दोघे: राउंडक्यूब आणि स्नॅपीमेल.

स्नॅपीमेल आठवडाभर वापरलं. रेनलूप या वेबमेलच्या कोडवरून निघालेला हा फोर्क खरंच चपळ आहे. डेटाबेस न बसवताही चालतं, झिप उलगडली, डेटाचं फोल्डर वेबरूटच्या (वेबवरून उघडणाऱ्या फोल्डरच्या) बाहेर काढलं की झालं. वेगाच्या बाबतीत राउंडक्यूब त्याच्या जवळपासही येत नाही. तरी शेवटी राउंडक्यूबच ठेवलं, आणि कारण माझा आळस. ते डेबियनच्या, म्हणजे माझ्या सर्व्हरवरच्या लिनक्सच्या, सॉफ्टवेअर भांडारात आहे, म्हणजे सुरक्षेचे पॅच रात्री आपोआप बसतात. जून 2025 मध्ये राउंडक्यूबमध्ये जवळपास दहा वर्षं दडून बसलेलं भोक सापडलं होतं: लॉगिन केलेल्या माणसाला थेट सर्व्हरवर कोड चालवता येत होता. 1.6.11 या आवृत्तीत ते बुजलं. असं पुन्हा झालं तर तेव्हा मी गावी असेन, हे मी स्वतःला ओळखून आहे. (2023 मध्ये प्रकल्प नेक्स्टक्लाउड या फाइल-शेअरिंगवाल्यांच्या छत्राखाली गेला, त्याचाही थोडा दिलासा.)

मग अटॅचमेंटची गंमत. दादाला साडेआठ एमबीची जमिनीच्या कागदांची पीडीएफ पाठवायची होती. राउंडक्यूब म्हणालं, दोन एमबीच्या वर नाही. ती पीएचपीची (राउंडक्यूब ज्या भाषेत लिहिलंय तिची) मूळ मर्यादा. ती वाढवली, सोबत पीएचपीचीच एका वेळी चढणाऱ्या एकूण डेटाची (पोस्टची) आठ एमबीची मर्यादाही वाढवली. आता वेब सर्व्हर एन्जिनेक्सने 413 ('फार मोठं आहे' हा एरर) तोंडावर मारला, त्याचा हिशेब तर एक एमबीचाच! तोही वाढवला. फाइल चढली, 'पाठवा' दाबलं, आणि पोस्टफिक्सने परत पाठवली. त्याची मर्यादा 1,02,40,000 बाइट, आणि मेलसाठी फाइल अक्षरांत बदलणाऱ्या बेस64 मध्ये साडेआठ एमबीचे साडेअकरा होतात. एका पीडीएफसाठी चार दारं ठोठावली. तुम्ही करणार असाल तर चारही आकडे एकाच बैठकीत बदला, आणि पोस्टफिक्सचा आकडा बाकीच्यांपेक्षा निदान चाळीस टक्के मोठा ठेवा.

दुसरा घोळ सर्वस्वी माझा. आईसाठी 'घर' नावाचं फोल्डर केलं. डिस्कवर बघतो तर तिथे 'घर' नाहीच, अँपरसँडने सुरू होऊन डॅशने संपणारी रोमन अक्षरांची गिचमिड. आयमॅप या मेल प्रोटोकॉलची बिगर-रोमन नावं लिहायची ती जुनी पद्धत, सुधारित यूटीएफ-7. मी शहाणपणा करून तीच गिचमिड सीव्हच्या (आलेली मेल आपोआप फोल्डरांत टाकणाऱ्या) नियमात चिकटवली, वर 'नसेल तर तयार कर' असंही लिहिलं. सीव्हला साधं यूटीएफ-8 लागतं. त्याने इमानेइतबारे त्या गिचमिड नावाचं वेगळंच फोल्डर काढलं, आणि दोन दिवस विजेची बिलं त्यात पडत राहिली. नियमात सरळ देवनागरीत 'घर' लिहिलं आणि प्रश्न मिटला. आता नियम राउंडक्यूबच्या मॅनेजसीव्ह प्लगइनमधूनच करतो, त्याचं पोर्ट 4190 फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे बाहेरून बंद.

मराठी भाषांतर आहे, पण अर्धवट, त्यामुळे आईला अर्धी बटणं मराठीत दिसतात, अर्धी इंग्रजीत. तिची तक्रार मात्र वेगळीच निघाली. मेल लिहिता लिहिता दूध बघायला गेली, फोन बंद झाला, आणि परत आली तर समोर लॉगिनचं पान. सेशन, म्हणजे लॉगिन टिकण्याची मुदत, मुळात दहाच मिनिटांचं असतं. पान उघडं असलं की ते जागं राहतं, पण झोपलेल्या फोनला कोण जागं करणार? मी ते दोन तासांवर नेलंय. अर्धवट लिहिलेला मजकूर मसुद्यांत सापडला, म्हणून त्या दिवशी निभावलं.