अँड्रॉइड खुले आहे, पण फोन बनवणारे मोकळे नाहीत

अँड्रॉइड ही खुली प्रणाली आहे, तिचा कोड घेऊन कोणीही फोन बनवू शकतो, असे आपण नेहमी ऐकतो, आणि ते खरेही आहे. परंतु दुकानातून आपण जो फोन घरी आणतो, त्यातील रोजच्या उपयोगाचा मोठा भाग त्या खुल्या कोडमध्ये नसतोच. प्ले स्टोअर, नकाशे, यूट्यूब आणि या सर्वांच्या मुळाशी असलेल्या प्ले सर्व्हिसेस ही गूगलची खासगी मालमत्ता आहे, आणि ती फोनमध्ये घालायची तर उत्पादकाला गूगलशी वेगळा करार करावा लागतो.

हा करार हातातून गेला की काय होते, ते हुआवेच्या बाबतीत दिसले. मे २०१९ मध्ये अमेरिकी सरकारने या चिनी कंपनीवर व्यापारनिर्बंध घातले आणि तिच्या नव्या फोनना गूगलच्या सेवा मिळेनाशा झाल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये म्युनिकला हुआवेचा मेट ३० हा फोन सादर झाला. कॅमेरा उत्तम होता, चिप कंपनीने स्वतः आरेखित केलेली होती, अँड्रॉइडही होते, कारण खुला कोड कोणी अडवू शकत नव्हते. फक्त प्ले स्टोअर आणि त्यामागच्या सेवा नव्हत्या, आणि युरोपातल्या ग्राहकाला फोन नाकारायला तेवढी उणीव पुरेशी होती.

ॲपची फाइल दुसरीकडून उतरवून घेता येते, मग अडते कुठे, असा प्रश्न इथे पडतो. अडते ते असे, की नवा संदेश आल्याची सूचना पोहोचवणे, नकाशा दाखवणे, ॲपमधील खरेदीचे पैसे घेणे ही कामे असंख्य ॲप्स स्वतः न करता प्ले सर्व्हिसेसवर सोपवतात. त्या सेवा नसतील तर ॲप उघडते, पण सूचना येत नाहीत, नकाशाच्या जागी कोरा चौकोन दिसतो, आणि फोन विश्वासार्ह असल्याची खात्री गूगलकडून करून घेणारी बँकांची काही ॲप्स चालण्यासच नकार देतात. त्यामुळे फोन बनवणारे खरे बांधलेले असतात ते या न दिसणाऱ्या थराशी, असे माझे मत आहे. प्ले स्टोअर हा त्याचा केवळ दर्शनी भाग आहे.

हुआवेने हा थर स्वतः उभारायला घेतला. ॲपगॅलरी हे आपले ॲपस्टोअर वाढवले, विकासकांसाठी पैसा ओतला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अँड्रॉइडची ॲप्स थेट न चालवणारी हार्मनीओएस नेक्स्ट ही स्वतःची प्रणाली आणली. मधल्या काळात चिप्सवरही निर्बंध आले, म्हणून कंपनीच्या घसरणीचे सगळे खापर ॲप्सवर फोडणे योग्य नाही. चीनमध्ये हा प्रयत्न तग धरू शकला, कारण तेथील फोनमध्ये गूगलच्या सेवा आधीपासूनच नव्हत्या आणि संदेशांसाठीचे वीचॅट, पैसे देण्यासाठीचे अलीपे यांसारखी ॲप्स घरचीच होती. चीनबाहेर हुआवेला असा आधार नव्हता.

नोकियाने २०११ मध्ये अँड्रॉइडऐवजी मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोन या प्रणालीची वाट धरली, तेव्हाही दुखणे हेच होते. त्या प्रणालीवरच्या लुमिया फोनचे कॅमेरे नावाजले गेले, पण २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतः तयार केलेले यूट्यूब ॲप गूगलने बंद पाडले, आणि त्यावर नोकियाला काहीही करता आले नाही.

भारतात स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. प्ले स्टोअर हवे तर गूगलची इतर ॲप्सही आधीपासून फोनमध्ये घाला, आणि अँड्रॉइडमध्ये फेरफार केलेली उपकरणे विकू नका, अशा अटी आयोगाला आक्षेपार्ह वाटल्या. मला यातली दुसरी अट अधिक जाचक वाटते, कारण एखाद्या मॉडेलपुरता वेगळा प्रयोग करण्याची मुभाही त्यामुळे उरत नव्हती. जानेवारी २०२३ मध्ये गूगलने भारतातील उत्पादकांना हवी तेवढीच ॲप्स घेता येतील असे जाहीर केले. मार्चमध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, मात्र प्ले स्टोअरमध्ये इतर स्टोअरना जागा देण्यासारखे काही आदेश रद्द केले.

आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या आणि पुढे फोनपेकडे गेलेल्या इंडसचे ॲपस्टोअर फेब्रुवारी २०२४ मध्ये १२ भारतीय भाषांत सुरू झाले, त्याचे मी मनापासून स्वागत करतो. परंतु तिथून घेतलेले ॲपही सूचनांसाठी प्ले सर्व्हिसेसचेच दार ठोठावत असेल, तर उत्पादकाची अडचण तशीच राहते. सूचना पोहोचवण्याची सोय सर्वांसाठी समान मानकावर चालावी, अशी अट नियामकांनी घातली पाहिजे, आणि तिचा विचार नव्या स्टोअरना परवानगी देण्याच्या आधी व्हायला हवा.