दादांचा झेंडा, बाईंचा ‘मा’

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर एकाच दिवशी दोन गोष्टी झाल्या. चुलतभावाला जर्मनीत नोकरी लागली म्हणून सकाळपासून "अटकेपार झेंडा लावलास रे!" चा पाऊस, आणि दुपारी आत्या उखडली, की हळदीकुंकू रविवारी "ठरवू" म्हणाले होते मी, "ठरलं" कधी म्हणाले, ध चा मा केला कोणी?

तेव्हा डोक्यात आलं की अरे, या दोन्ही वाक्प्रचारांचं घर एकच की! राघोबादादांचं, म्हणजे रघुनाथराव पेशव्यांचं.

अटक म्हणजे पोलिसांची नव्हे, सिंधूकाठचं गाव, आता पाकिस्तानात आहे, अकबराने बांधलेला किल्ला आहे तिथे. १७५८ साली मराठे तिथवर पोचले. सिंधू ओलांडली की धर्म बुडतो असं मानणारी माणसं होती त्या काळी, म्हणजे 'अटकेपार' यात नुसतं अंतर नाही, थोडा वांडपणाही आला. पण गंमत अशी की दादा स्वतः लाहोरहूनच मागे फिरले, पुढे गेले ते तुकोजी होळकर, साबाजी शिंदे वगैरे मंडळी. त्यात मोहिमेचं कर्ज एवढं झालेलं की पुण्यात शाबासकीपेक्षा हिशेबच जास्त मागितले गेले. पुढच्याच वर्षी अब्दालीने पंजाब परत घेतला आणि १७६१ ला पानिपत, तोही वाक्प्रचारच झाला म्हणा. एवढं होऊनही झेंडा मात्र दादांच्या नावावर आणि अजून फडकतोय, आता जर्मनीत.

दुसरा किस्सा सगळ्यांना पाठ असतो. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, ऐन गणपतीचे दिवस, गारदी, म्हणजे भाडोत्री शिपाई, आत घुसले आणि नुकतीच अठरा पूर्ण झालेला नारायणराव पेशवा, दादांचा पुतण्या, मारला गेला. दादा त्याच वाड्यात नजरकैदेत होते. गोष्ट सांगते की दादांनी चिठ्ठीत 'धरावे' लिहिलं आणि त्यांच्या बायकोने, आनंदीबाईंनी, ध चा मा करून 'मारावे' केलं. आता ती चिठ्ठी काही कुणाला सापडलेली नाही. न्यायाधीश रामशास्त्र्यांनी दोषी धरलं ते दादांना. पण वाक्प्रचारात दादा कुठेच नाहीत, तिथे एकट्या बाई, बोरू हातात घेऊन बसलेल्या, अडीचशे वर्षं झाली.

म्हणजे बघा ना, जो झेंडा नवऱ्याने स्वतः लावला नाही तो नवऱ्याला, आणि जे अक्षर बायकोने बदललं याचा कागद नाही ते बायकोला. मराठी भाषेने वाटणी फार सोयीस्कर केलीय.

त्यानंतर दादांना हटवायला नाना फडणीस, सखारामबापू वगैरे एकत्र आले ते बारभाईचं कारस्थान. तेव्हा कारस्थान म्हणजे राजकारण, मसलत, त्यात वाईट काही नव्हतं. आता सोसायटीत पार्किंगचा नियम बदलला तरी आम्ही कारस्थान म्हणतो. तर हा तिसरा वाक्प्रचारही दादांच्याच कृपेने. एका माणसाने भाषेला इतकं दिलं आणि स्वतः मात्र १७८३ साली कोपरगावला वारले, पेशवाई हातातून कधीच निसटलेली.

हे सगळं एवढं सुचल्यावर गप्प बसवेना, म्हणून ग्रुपवर टाकलं, "आनंदीबाईंची यात काही चूक नसावी, उगाच बदनाम केलंय बाईंना."

दोन मिनिटांत आत्याचा मेसेज आला. "मला आनंदीबाई कोण म्हणालं?"