कवितेनेही लढलेले सोमाली सय्यद

आमच्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात नंदगडला संगोळ्ळी रायण्णांची समाधी आहे; राणी चन्नम्मांच्या या सहकाऱ्याला इंग्रजांनी १८३१ मध्ये तेथेच फाशी दिली. त्यांच्या पराक्रमाची कन्नड गीगी पदे, म्हणजे पोवाड्यांसारखी लोकगीते, सीमाभागातील मराठी घरांनाही अनोळखी नाहीत. त्यामुळेच बहुधा, पूर्व आफ्रिकेतील सोमाली नेते सय्यद महंमद अब्दुल्ला हसन यांच्याविषयी वाचताना मला त्यांच्या लढायांपेक्षा कवितांनी अधिक खिळवून ठेवले, कारण तेथे सेनापती आणि शाहीर एकच होते.

मक्केत सालिहिया या सूफी पंथाची दीक्षा घेऊन परतलेल्या सय्यदांनी १८९९ मध्ये दरवेशांची, म्हणजे आपल्या अनुयायांची, फौज उभारून ब्रिटिशांविरुद्ध लढा पुकारला आणि तो सुमारे २० वर्षे चालवला. हा सोमाली प्रदेश आपल्याला वाटतो तितका दूरचा नव्हता. १८९८ पर्यंत ब्रिटिश सोमालीलँडचा कारभार समोरच्या अरबी किनाऱ्यावरील एडन बंदरामार्फत हिंदुस्थान सरकारच्या अखत्यारीत होता, आणि एडन बेळगावप्रमाणेच मुंबई इलाख्यात मोडत असे. सोमालीलँडमधील बर्बेरा बंदराच्या बाजारात रुपया चालत होता. दरवेशांवर धाडलेल्या फौजांत हिंदी सैनिकही होते. एप्रिल १९०३ मध्ये गुम्बुरू येथे प्लंकेट या ब्रिटिश अधिकाऱ्याची जी तुकडी जवळजवळ संपूर्ण कापली गेली, तिच्यात शीख शिपाई होते. परक्या साम्राज्यासाठी परक्या माळरानावर पडलेल्या त्या शिपायांचे मला मनापासून वाईट वाटते.

ऑगस्ट १९१३ मध्ये दुल मदोबा येथे रिचर्ड कॉरफिल्ड हा ब्रिटिश अधिकारी मारला गेला. दरवेशांशी थेट भिडू नये अशी सूचना असतानाही तो आपले सांडणीस्वार घेऊन त्यांच्यावर चालून गेला होता. या विजयावर सय्यदांनी रचलेली कविता मृत कॉरफिल्डलाच उद्देशून आहे: तू आता नरकाच्या वाटेला लागला आहेस, तेथे तुला भेटणाऱ्यांना आपला शेवट कसा झाला ते सांग, असे बजावून ते त्याच्या मरणाचा एकेक तपशील त्याच्याच तोंडी घालतात, अगदी तरसांनी लचके तोडण्यापर्यंत. वाचताना अंगावर काटा येतो. सोमाली गबय या काव्यप्रकारात आरंभापासून अखेरपर्यंत एकाच वर्णाचा अनुप्रास सांभाळावा लागतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला कविता सहज पाठ होते; छापखाना आणि वर्तमानपत्र नसलेल्या त्या समाजात ती तोंडोतोंडी विहिरीवरून विहिरीवर पोहोचत असे आणि लढाईची बातमी सय्यदांच्याच शब्दांत पसरत असे. ब्रिटिशांनी त्यांना ‘वेडा मुल्ला’ ठरवले. इतकी काटेकोर रचना करणाऱ्या माणसाला वेडा म्हणणे हा उघड अपप्रचार होता.

तथापि, त्यांची दुसरी बाजू झाकणे मला मान्य नाही. जे सोमाली त्यांच्या बाजूने आले नाहीत, त्यांच्यावर दरवेशांनी निर्दयपणे धाडी घातल्या, गुरे-उंट लुटले. ब्रिटिशांनी १९१० मध्ये किनाऱ्यापर्यंत माघार घेतल्यानंतर तर आपसांतील कत्तल आणि दुष्काळ यांनी असंख्य माणसे दगावली. खुद्द त्यांच्या पंथगुरूंनी मक्केहून पत्र पाठवून त्यांचा निषेध केला आणि अनेक अनुयायी त्यांना सोडून गेले. ज्यांची गुरे गेली, त्यांच्या वंशजांना सय्यद केवळ राष्ट्रपुरुष वाटत नसतील, तर तो त्यांचा हक्क आहे.

तलेह येथे त्यांनी दगडी किल्ले बांधले, पण जानेवारी १९२० मध्ये ब्रिटिशांनी १२ विमाने आणून दरवेशांच्या ठाण्यांवर बॉम्ब टाकले, जमिनीवरून फौजाही पुढे सरकल्या आणि काही आठवड्यांतच ती राजवट संपली. सय्यद इथिओपियातील ओगाडेन प्रदेशाकडे निसटले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात इमी येथे इन्फ्लुएन्झाने वारले. त्यांच्या कविता मात्र पाठांतरानेच टिकल्या. १९७२ मध्ये सोमाली भाषेला अधिकृत लिपी मिळाल्यानंतर त्या जाणत्यांच्या तोंडून ऐकून संग्रहरूपाने छापल्या गेल्या.